शिबंदीचा हिशेबनीस

हा माणूस तुम्हाला म्हापशाच्या बाजारात भेटला नसता. तो लिस्बनमध्ये बसायचा आणि त्याचा गोवा टेबलावर मावायचा. टाचणी टोचली की ठाणं झालं. बांद्यापासून पणजी चार बोटं! मधे मांडवी आहे हे त्याला ठाऊक होतं, पण पावसाळ्यातली मांडवी फुटपट्टीवर दिसत नाही.

त्याला नाव देत नाही, कारण तो एकटा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती राखायला बसलेल्या प्रत्येक सरकारात अशी एक खुर्ची होती. लिस्बनच्या खुर्चीची ऐट जरा जास्त, एवढंच. 1951 साली तिथल्या राज्यघटनेतून ‘वसाहत’ हा शब्द गेला आणि गोवा ‘सागरापारचा प्रांत’ झाला. शब्द बदलल्याने दोन पलटणींचा खर्च वाचला, असा सुस्कारा आपल्या हिशेबनिसाने नक्की सोडला असेल.

त्याचा जीव रकान्यांत. ठाणी, बंदुका, उडवायचे पूल, पाव. 1954 मध्ये दादरा-नगर हवेली हातची गेली, तेव्हा त्याने दोन ओळी खोडून बेरीज दुरुस्त केली.

या गृहस्थाला हसायला मला आवडतं, पण 15 ऑगस्ट 1955 आला की जमत नाही. त्या दिवशी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आले. हातात काहीच नसलेल्या माणसासाठी त्याच्या तक्त्यात रकाना नव्हता. गोळ्यांचा होता. तोच वापरला गेला.

1961 मध्ये अंगोला पेटला आणि कुमक तिकडे जाऊ लागली. गोव्यात उरली साडेतीन हजारांच्या आसपास शिबंदी आणि ‘अफोन्सो द आल्बुकेर्क’ ही एकच मोठी युद्धनौका, तीही 1934 सालची. समोर भारताची अख्खी डिव्हिजन, शिवाय छत्रीधारी ब्रिगेड. तरी बेरीज बरोबर आली, कारण ती लिस्बनमध्ये केली होती. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम सुटला: निदान आठ दिवस झुंजा, शरण जाऊ नका.

आणि शोरीस! पोर्तुगीज स्वतःच हा किस्सा सांगतात. रणगाडे फोडायचा दारूगोळा हवा होता आणि तारेत त्याचं सांकेतिक नाव होतं शोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज. संकेत विसरलेल्या कुणीतरी मागणी इमानदारीने पुरी केली. विमानातून खरेच शोरीस उतरले. गोव्याला शोरीस पाठवणं म्हणजे मालवणला सोलं पाठवणं. पण मागणीसमोर ‘पुरवठा केला’ अशी खूण पडली असणार, आणि खूण पडली की हिशेबनिसाला शांत झोप लागते.

भारताचा हल्ला झाला तेव्हा बाणस्तारीचा पूल ठरल्याप्रमाणे उडाला. भारतीय जवान 18 डिसेंबरलाच बेतीला पोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवी ओलांडून पणजीत शिरले. 19 तारखेच्या रात्री गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा शरण आला. तो मुळात इंजिनिअर. माणसं उगाच मारवून घेण्यात त्याला अर्थ दिसला नाही. आठ दिवसांचा हिशेब दोन दिवसांत मिटला.

लिस्बनने व्हासालो इ सिल्व्हाला लष्करातून बडतर्फ केलं. त्याचा हुद्दा परत मिळायला पोर्तुगालात 1974 ची क्रांती व्हावी लागली. हिशेबनिसाला कुणी काही विचारलं नाही. त्याचा तक्ता बिनचूक होता.