वांग, वांग!

(ओवे गावातला गणपतीचा मांडव. रंगमंचावर एक प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर स्टीलचा पेला आणि वाटी. पाटील येतो. वर गावचा सदरा, खाली पांढरी वेष्टी. एक हात सतत कमरेशी.)

जेवलात का?

(कान देऊन) पुढच्या रांगेतल्या काकू म्हणतात, "नाय." हां! हा शब्द जपून ठेवा. याच एका शब्दापायी माझं तंजावरातलं घर हातचं जाणार होतं.

मी पाटील. राहणार ओवे, तालुका पनवेल. मुंबईत कुणाला ओवे सांगितलं की विचारतात, "पोटदुखीवर घेतात तो?" मग म्हणायचं, खारघर. की लगेच, "अच्छा, अच्छा!" गाव आमचं आधीचं, आणि ओळख मागून आलेल्याची.

धंदा? भाडं. 1970 साली सिडको निघाली, नवं शहर बसलं, बापाची भातशेती त्यात गेली, साडेबारा टक्क्यांच्या योजनेत भूखंड परत आला, त्यावर इमारत उभी राहिली आणि इमारतीच्या जिन्याखाली खुर्ची टाकून मी बसलो. (बसतो.) अस्सा. सतरा वर्षं. मी कुठं गेलो नाही, सगळा देश माझ्या जिन्यानं वर गेला. टेम्पोतून गादी उतरली की मी विचारायचो, "कुठले तुम्ही?" बिहार म्हणा, केरळ म्हणा, सातारा म्हणा, माझं तोंड एकच. (तोंड वाकडं करतो.) "रात्री दहानंतर गेट बंद. पाहुणा दोन दिवस." आणि वरच्या मजल्यावर फोडणी पडली की मी तीन जिने चढून दार वाजवायचो: "कसला वास येतोय?"

देव बघत होता. त्यानं बँकेतून ऑर्डर काढली.

माझी बायको बँकेत आहे. तिला बढती मिळाली, दोन वर्षांसाठी तंजावर. बाई वर चढली की नवऱ्यानं मागून बॅग उचलायची असते, हे नवीन शास्त्र मला त्या दिवशी कळलं. आई म्हणाली, "तंजावर? कुठं आलं ते?" मी म्हटलं, अगं, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, त्यांनी 1676 च्या सुमाराला तिथं राज्य केलं. आई म्हणाली, "म्हंजे भावकीतलंच." मी म्हटलं, हो! साडेतीनशे वर्षांपूर्वी आपली माणसं गेलीत. 1855 पर्यंत गादी होती. आपली काहीतरी सोय केली असेलच की!

(उठतो.)

चेन्नईला गाडी बदलली. तंजावरला उतरलो, भूक लागली, खानावळीत शिरलो. गल्ल्यावरचा माणूस हात जोडून म्हणतो, "वांग, वांग!"

मी बायकोकडे बघितलं. "आपण काही मागितलंय का?"

आत गेलो. वाढपी हसून, "वांग सार, वांग!" म्हटलं, असेल बाबा, आज वांग्याचाच वार असेल. केळीच्या पानावर भात आला, सांबार आलं, झकास होतं. मी आपली दाद दिली, "वा!" वाढपी धावत आला, उभा राहिला. मी म्हटलं, काही नको. तो गेला. मी घास घेतला. "वा, वा!" दोघं आले. रस्सम प्यायलो, राहवलं नाही, "वा वा वा!" तर गल्ल्यावरचा माणूस गल्ला सोडून आला. नंतर कळलं. तमिळमध्ये वा म्हणजे ये. तेही अरे-तुरेतलं. वांग म्हणजे या, अहो-जाहोतलं. ते मला मान देत होते आणि मी त्यांना अरे ये, अरे ये करून हाका मारत होतो.

शेवटी वाढपी भांडं घेऊन आला. "मोर?"

भाताबरोबर मोर! मी म्हटलं राष्ट्रीय पक्षी आहे, असं उघड नका विचारू. बायकोनं डोकावून बघितलं, ताक होतं. मोर म्हणजे ताक. कॉफीच्या वेळी विचारलं, "पाल?" म्हटलं, असेल तर काढा! तर पाल म्हणजे दूध. आणि आपल्या पालीला ते म्हणतात पल्ली. (हताश) जवळ जवळ आलं होतं हो.

सांबाराचंही सांगून टाकतो. कथा अशी, की तंजावरच्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटी चढली, आमसूल संपलेलं, म्हणून चिंच घातली, आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांच्या नावानं त्याचं झालं सांबार. पुरावा मागू नका, जाणकार नाक मुरडतात. पण आमसूल संपलं, एवढं मला शंभर टक्के पटतं. आमसूल जाणार कुठून? आपल्या कोकणातून. भावकीतल्या कुणीतरी पाठवलं नसणार.

मग घर. दलाल एका जुन्या वाड्यापुढे घेऊन गेला. बाहेर ओटा, ओट्यावर खुर्ची, खुर्चीवर घरमालक मामा. (खुर्चीत तसाच बसतो.) अस्सा. माझीच खुर्ची, माझंच तोंड. पहिला प्रश्न: "विच नेटिव्ह?" म्हणजे कुठले तुम्ही!

"नॉनव्हेज?"

मी जोरात, "नाय, नाय!"

त्यांनी माझ्या मागे वाकून बघितलं.

"ड्रिंक्स?"

"नाय!"

पुन्हा मागे बघितलं.

"पोटभाडेकरू?"

"नाय हो! एक पण नाय!"

मामा उभे राहिले. म्हणाले, "मिस्टर, हाऊ मेनी डॉग्ज?"

तमिळमध्ये नाय म्हणजे कुत्रा! (प्रेक्षकांतल्या काकूंना) काकू, तिथं तुम्हाला जेवायला विचारलं आणि तुम्ही नाय म्हणालात, तर वाढतील, पण त्याला.

बायकोनं बँकेचं कार्ड दाखवलं म्हणून घर मिळालं. दुसऱ्या दिवशी मी हौसेनं तमिळमध्ये पाटी लावली: पाटील. संध्याकाळी मामींनी ती वाचली आणि मामांना आत नेऊन दार लावलं. तमिळमध्ये पाट्टिल म्हणजे बाटली! "दारू पीत नाही म्हणाला, आणि दारावर बाटली लिहून मोकळा!"

मामा मला हाक मारायचे, "तंबी!" पहिले आठ दिवस मी हाक ऐकली की उभाच राहायचो. सतरा वर्षं लोकांना तंबी दिलेला माणूस मी, वाटायचं आता मला देतायत. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. एवढा चांगला शब्द. आपल्याकडे तोच उच्चार कशाला लागलाय बघा.

आता खरी गोष्ट. (पुढे येऊन, हळू) ट्रंकेत आईनं सुकट दिलेली होती. आणि बोंबील. आगरी माणूस गावाबाहेर दोन वर्षं कशावर काढणार? तीन महिने मी हात लावला नाही. चौथ्या महिन्यात बाहेर टळटळीत ऊन. जूनमध्ये हो! इकडे आई फोनवर सांगतेय, आपला पांडवकडा धबधबा धो धो वाहतोय, आणि मी घामानं धो धो. त्यांचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरला, ईशान्येकडून. छत्री मी जूनमध्ये काढली आणि ती दिवाळीला उघडली. तर त्या दिवशी आठवण आली, मन हललं. सगळ्या खिडक्या लावल्या, तवा ठेवला, दोन बोंबील टाकले.

दारावर थाप. मामा.

"तंबी! एन्न वासनै?"

बायको आत. मी गारठलो. मामा नाक वर करून आत येतायत, "वासनै! वासनै!" म्हटलं, अहो, दुपारचे बारा वाजलेत, कसली वासना! तर वासनै म्हणजे वास. कसला वास येतोय? (थांबतो.) तीन जिने चढून विचारायचो मी. शब्दाला शब्द.

मामांनी दार लावून घेतलं. तव्याजवळ आले. झाकण उचललं. हळूच म्हणाले, "करुवाडु?" म्हणजे सुकी मासळी. मी मान डोलवली. मामांनी ओट्याकडे बघितलं, मामी नाहीत. म्हणाले, "वन पीस." घर शाकाहारी होतं. मामा नव्हते.

त्यांची मान सांगतो तुम्हाला. तंजावरची ती बाहुली बघितलीय ना, धक्का दिला की डोकं, कंबर, सगळं वेगळं वेगळं हलतं? मला वाटायचं शोभेची वस्तू आहे. नाही, ती हुबेहूब माणसं आहेत. मान अशी हलली (हलवतो) तर हो, अशी हलली तर बघू, आणि बोंबील खाताना चारही दिशांना.

बायको नऊला बँकेत. मग दारात कोलम कोण घालणार? रोज सकाळी तांदळाच्या पिठीनं ठिपके आणि त्यांच्याभोवती वळणं. मामी म्हणाल्या, घरातलं कुणीही घातलं तरी चालतं. घरात मीच. पहिल्या दिवशी घातलं. गल्ली जमली. मामी बराच वेळ बघून म्हणाल्या, व्हॉट इज? मी बघितलं तर सेक्टर बारा, तेरा, मधे नाला, आणि कोपऱ्यात आमचा भूखंड. रक्तातच आराखडा आहे, काय करणार.

(खुर्चीचा आधार घेऊन, सावकाश.)

एकदा मामा मला मोटरसायकलवर गावाबाहेर घेऊन गेले. कावेरीचं पाणी सोडलं होतं. मेट्टूरचं धरण बारा जूनला उघडायची रीत आहे, मग कालवे भरतात, कुरुवै भाताची लावणी होते. नजर जाईल तिथवर भात. तमिळनाडूचं कोठार म्हणतात त्याला. आमच्या रायगडला पण म्हणायचे, हां, कोठार. मी बांधावर उतरलो. चिखलाचा वास आला. बाया ओणव्या होऊन रोपं लावत होत्या, आवण आमच्यासारखंच, मुठी आमच्यासारख्याच. मी वेष्टी वर खोचली आणि उतरलो. चाळीस रोपं लावली असतील. एक म्हातारी येऊन ती सगळी उपटून परत नीट लावत होती. आमच्या बापानं पण तेच केलं होतं. त्यानंतर त्या जागी सेक्टर आला, माझी लावणी सुधारायची राहिली ती राहिलीच.

(वेष्टी सुटू लागते, पकडतो.) हिचं आणि माझं दोन वर्षं जमलं नाही.

मोठं देऊळ बघितलं. बृहदीश्वर. राजराज चोळानं 1010 साली पुरं केलेलं, शिखर दोनशे फुटांच्या वर. लोक वर बघतात. मी भिंतीला नाक लावून फिरत होतो, कारण मामा म्हणाले होते, तुझी भाषा आहे इथं. सहा महिने गोल गोल जिलेबीच्या अक्षरांत राहिलेला माणूस मी. आणि एका कोपऱ्यात दगडावर... देवनागरी! मराठी! सरफोजीराजांनी 1803 साली कोरून घेतलेला भोसल्यांचा सबंध इतिहास. ओळीमागून ओळी. मी बोट ठेवून वाचायला लागलो, मोठ्यानं. एकही शब्द धड लागेना, पण अक्षरं तर आपली! रखवालदार ओरडला. मी म्हटलं, "नाय, नाय!" तो इकडे तिकडे बघायला लागला.

आणि हे ऐका, मांडववाल्यांनो. विष्णुदास भाव्यांचं सीतास्वयंवर सांगलीला झालं 1843 साली. त्याच्या दीडशे वर्षं आधी तंजावरात शहाजीराजे मराठीत नाटकं लिहीत होते. सरफोजीराजांच्या देवेंद्र कुरवंजीत तर भविष्य सांगणारी बाई सगळ्या जगाचा भूगोल सांगते, मराठीतून. आजूबाजूला सगळा तमिळ मुलूख, म्हणजे प्रेक्षकांत निम्म्यांना तरी भाषा कळत नसणार, आणि तरी बसले असतील. (मागच्या रांगेकडे) दादा, तुम्हाला कळतंय, आणि तुम्ही मोबाइल बघताय.

मग आजी भेटल्या. मामांच्या ओळखीच्या. आजींचं घराणं दहा-बारा पिढ्या तिथलं, घरात मराठी. मी धावतच गेलो. आजी बोलायला लागल्या आणि मला वाटलं तमिळ आहे. मी बोलायला लागलो, त्यांना वाटलं हिंदी आहे. शब्द मराठी, चाल सगळी तमिळ, आणि मधेच एखादा शब्द असा की पोथीतून उठून आल्यासारखा. मी म्हटलं, "आजी, टेन्शन होतं, फ्लॅट छोटा, रेंट जास्त, पण ॲडजस्ट केलं." आजींनी नातवाला विचारलं, हा मुलगा मराठी कधी शिकणार आहे?

मला! ओव्याच्या पाटलाला!

म्हणाल्या, पिटलै खाऊन जा. डोळ्यांत पाणी आलं. सहा महिन्यांनी पिठलं! पान मांडलं, वाटी आली. चिंच, खोबरं, डाळ... आणि कारली. पिठल्यानं कारल्याशी लग्न केलं होतं आणि तीनशे वर्षांत आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. मी खाल्लं. म्हटलं, "वा!" आजी उठून जवळ आल्या. म्हटलं, नाही, नाही, ते मराठीतलं.

(पेला-वाटी उचलून उंचावरून कॉफी ओतल्यासारखं करतो.)

दोन वर्षं झाली. निघताना मी ओट्यावर मामांच्या पाया पडलो आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं: "मामा, पोरेन." जातो. मामींनी कानाला हात लावले. असं नाही म्हणायचं! पोय्ट्टु वरेन म्हणायचं. जाऊन येतो. (थांबून) मी म्हटलं, मामी, हे मला माझ्या आईनं शिकवलंय, मीच विसरलो होतो. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं हातात दिलं. गाडीत उघडलं. करुवाडु. सगळ्या डब्यात वासनै.

परवा ओव्याला आलो. जिन्याखाली खुर्ची होती तशीच. बसतो न बसतो तोच टेम्पो. गादी, कुकर, तुळस, दोन पोरं. लातूरचं कुटुंब. माणूस पुढे आला, घाबरलेला, त्याला कुणीतरी माझ्याबद्दल सांगितलेलं दिसत होतं. मी तोंड उघडलं कुठले तुम्ही विचारायला. आणि हात आपोआप जोडले गेले.

"वांग, वांग!"

त्यानं बायकोकडे बघितलं. बायकोनं पिशवीत बघितलं. आणि आतून आईचा आवाज आला:

"कोनाला वांगी पायजेत रं? आज म्हावरा हाय!"

(अंधार.)