१७०च्या चालीचा गडी

त्याचं खरं नाव मतदारयादीत असेल, पण तिथवर कोण जातं? गाव त्याला डीजे म्हणतं, आई कार्टं म्हणते आणि गिऱ्हाईक फोन उचलल्या उचलल्या ‘भाऊ, आमचं झालं का’ म्हणतं. वय बावीस-तेवीस. तोंडावर हाक मारली तर तिसऱ्या हाकेला ओ देतो. पण पलीकडच्या वस्तीवर कुणाच्या मोटारीचं बेअरिंग गेलंय, हे घरात बसल्या जागी सांगतो. खुटबावच कशाला, यवतपासून पाटसपर्यंत रेल्वेच्या दोन्ही अंगांना गावागणिक असा एक नग सापडेल. लग्नाच्या वरातीला नि गणपतीच्या मिरवणुकीला जे वाजतं, ते ही पोरं घरी बसून बनवतात. वाजवणारा वेगळा, गाडीवाला वेगळा. पण शिव्या तिघांच्या एकट्याला पडतात.

कम्प्युटर आला तो गुऱ्हाळाच्या पैशातून. कारखान्याच्या बिलाची वाट बघितली असती तर पोराचं लग्न होऊन त्यालाच वरात काढावी लागली असती. वडिलांनी नोटा मोजून दिल्या त्या ‘पोरगं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकतंय’ या समजुतीवर. दुकान काही निघालं नाही. गोठ्यालगतच्या पत्र्याच्या खोलीत एफएल स्टुडिओ सुरू झाला, तोही फुकटात मिळवलेला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना सरकी पेंडीची पोती रचली. हा उपाय खरोखर चालतो, फक्त म्हशी रोज सकाळी थोडा थोडा स्टुडिओ खातात.

चांगले स्पीकर घ्यायची ऐपत नाही, म्हणून बेस तपासायची त्यानं स्वतःची रीत काढलीय. भिंतीपलीकडं आईची मांडणी आहे. गाणं लावायचं आणि ओरडायचं, ‘आई, काय हाललं?’ स्टीलच्या वाट्या थरथरल्या तर बेस अजून वर आहे. पितळी तांब्या हलला की जमत आलं. आणि वरच्या फळीवरचा लोणच्याचा बरणीएवढा डबा सरकायला लागला की फाईल सेव्ह. आई या कामात आता इतकी तयार झालीय की चपाती लाटता लाटता सांगते, ‘वाट्याच वाजत्यात अजून, खाली घे.’ पुण्यात याच कामाचे लोक पैसे घेतात.

आवाज गोळा करायचं तर त्याला वेडच. गुऱ्हाळावरचा चरक, चुलवाणात पडणारं पाचट, काहिलीतल्या उकळत्या रसाची खदखद, सगळं मोबाईलमध्ये. गाण्याच्या सुरुवातीला गिऱ्हाइकाचं नाव घ्यायची पद्धत आहे. ते तो पुतणीच्या आवाजात भरतो. तिला गोधडीखाली बसवतो, म्हणजे बाहेरचं काही यायला नको. तरी नेमकं अध्यक्षांच्या नावावर मालगाडी येते. एकदा ती काढणं जमेना, तेव्हा त्यानं भोंगा तसाच ठेवून त्यावरच बेस टाकला. मंडळानं खास मागून घेतला म्हणून त्याचे वेगळे पैसे लावले.

याच नादानं तो चौफुल्याला गेला. चौफुल्याची कला केंद्रं साऱ्या जिल्ह्याला ठाऊक. तिथं पोरगं पुढच्या रांगेत दिसलं, ही बातमी त्याच्या मोटारसायकलच्या आधी घरी पोचली. बापानं चौकशी न करता पायताण काढलं. पोरगं म्हणे, मी ढोलकी ऐकायला गेलो होतो. असल्या सबबी ऐकून ऐकून या पट्ट्यातले बाप निबर झालेत. शेवटी त्यानं मोबाईल लावून दाखवला. पाऊण तास नुसती ढोलकी, डाव्या तोंडाचा घुमारा आणि मध्येच शेजारच्या इसमाची ‘आरं, वर बघ की लका!’ अशी कळकळीची विनंती. बापानं पायताण घातलं खरं, पण त्या दिवसापासून पोराची त्यांना जास्तच काळजी वाटते.

आता चालीचं. एरवी आमच्याकडचं मिरवणुकीचं गाणं मिनिटाला १३० ठोक्यांच्या आसपास चालतं. एका मंडळाची यादी लांब, आणि २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहाला बटण बंद. (त्याच नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आमच्याकडं दोघी जावा नळावर भेटल्या तरी ती ओलांडते.) गाणी कापायची कुणाची छाती नव्हती, कारण प्रत्येक गाण्यात एकेका कार्यकर्त्याचं नाव. मग यानं चाल १७०वर नेली. हलगी पळायला लागली. एवढ्या वेगात खालचा बेस मात्र नुसता गिचका होत होता, म्हणून तो निम्म्या चालीवर ठेवला. वर हलगीचे तुकडे उलटेसुलटे, खाली संथ, जड धक्का.

त्याला ठाऊक नव्हतं, पण १९९०नंतरच्या चार-पाच वर्षांत लंडनमधल्या पोरांनी झोपायच्या खोल्यांत हेच केलं होतं. अटारीचा कम्प्युटर आणि अकाईचा सॅम्पलर, ज्याच्या पोटात जेमतेम काही सेकंदांचा आवाज मावायचा. जुन्या तबकडीवरचा ड्रमचा तुकडा घ्यायचा, ठोका न् ठोका सुटा करायचा, नव्यानं जुळवून १६०-१७०वर पळवायचा आणि खाली निम्म्या चालीचा बेस सोडायचा. त्याला पुढं ड्रम अँड बेस म्हणायला लागले. १९९७ साली रॉनी साईझच्या मंडळींना त्यावर मर्क्युरी पारितोषिक मिळालं आणि दोनच वर्षांनी तबला घेऊन आलेल्या तलवीन सिंगलाही. आमच्या गड्याला हे सांगितलं, तर त्यानं एवढंच विचारलं, ‘त्यांच्याकडं मांडणी होती का?’

नवी चाल मिरवणुकीत कुणाच्या ध्यानात आली नाही, गुलालात काय येणार? वरातीत आली. लहान पोरं वरच्या हलगीवर नाचायला लागली, म्हातारे खालच्या बेसवर सावकाश खांदे उडवायला लागले आणि मधल्या वयाचे, म्हणजे ज्यांनी पैसे दिले होते ते, नुसते उभे. नाच बसेना तसे चालायला लागले. वेशीपासून मांडवापर्यंतची दोन तासांची वरात पाऊण तासात पोचली आणि गोरज मुहूर्ताच्या अक्षता गोरज मुहूर्तावर पडल्या. वाढपी तयार नव्हते, भात शिजला नव्हता, भटजी फोनवर होते. मुलीच्या मामानं डीजेची कॉलर धरली.

या सगळ्यात ज्यांची हलगी होती ते आबा मांडवाच्या कडेला बसले होते. जाळावर शेकून कातडं ताणलेली हलगी, उजव्या हातात टिपरू, डाव्यात बारीक काडी, चाळीस-पन्नास वर्षांचा हात. पोरानं त्यांच्याकडून एका दुपारी वाजवून घेतलं होतं, त्यावर त्याची सात-आठ गाणी झाली. आबा म्हणाले, ‘एवढं जलद माणूस वाजवत न्हाय, पोरा.’

‘माणूस न्हाय आबा, कम्प्युटर वाजवतोय.’

‘मग पैसं कम्प्युटरलाच मिळालं म्हणायचं.’

लंडनच्या पोरांनी सगळ्यात जास्त कापलेला तुकडा ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकी बँडच्या १९६९च्या ‘आमेन, ब्रदर’मधला. तो वाजवणाऱ्या ग्रेगरी कोलमनला त्याच्यापायी एक छदाम मिळाला नाही; २००६ साली तो कफल्लक मेला. हेही गड्याला सांगितलं. या वेळी त्यानं मांडणीचं काही विचारलं नाही. कान खाजवला, आणि पुढच्या सुपारीतले पाचशे आबांना नेऊन दिले. त्यानंतरच्या सुपारीत मात्र विसरला.

तेव्हा यंदा तुमच्याकडं कार्य असेल तर सुपारी या पोरालाच द्या, हात चांगला आहे. आचाऱ्याला तेवढं एक तास आधी बोलवा. आबांचे पैसे वेगळे काढा आणि त्याच्यासमोर आबांच्या हातात द्या. आवाज कमी कर म्हणून सांगत बसू नका; तो हो म्हणतो.