पाणी मंजूर, नळ तहकूब

घोडबंदर रोडला पाणी नाही असे म्हणणाऱ्याने तिथले फलक वाचलेले नसावेत. माजिवड्याचा पूल उतरला की दुतर्फा पाणीच पाणी. खाडी दिसणारे घर, तलाव दिसणारे घर, तरणतलाव असलेले घर, गच्चीवरच तरणतलाव असलेले घर. विसाव्या मजल्यावरच्या नमुना फ्लॅटमधून उल्हासची खाडी अशी काही चमकते की माणूस तिथल्या तिथे टोकन देऊन मोकळा होतो. मग ताबा मिळतो, सत्यनारायण होतो आणि तीर्थप्रसादाच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पडतो : आज टँकर उशिरा, बादल्या भरून ठेवा. दिसणारे पाणी आणि येणारे पाणी ही दोन वेगळी खाती आहेत, हे तेव्हा कळते.

यावर उपाय ठरलेला आहे. नवे जलशुद्धीकरण केंद्र. दर उन्हाळ्यात त्याची घोषणा होते, पावसाळ्यात ती विरते आणि निवडणुकीत पुन्हा उगवते.

हे केंद्र राजकारणाला फार सोयीचे असते, कारण त्याचे भूमिपूजन करता येते. गळक्या व्हॉल्व्हचे करता येत नाही. जमिनीखाली सहा फुटांवरचा जलवाहिनीचा सांधा बदलला, तर कोनशिला बसवायची कुठे आणि फीत बांधायची कशाला? केंद्राला मोठ्या टाक्या असतात, निळे पंप असतात, फोटोला मागे भरपूर काँक्रीट येते. शिवाय आकडाही दणदणीत निघतो. अमुक दशलक्ष लिटर म्हटले की टाळी पडते. दशलक्ष म्हणजे किती शून्ये, हे मोजत बसायला सभेत वेळ कोणाला?

प्रत्यक्षात तिथे घडते ते असे. भातसेचे पाणी पिसे इथल्या बंधाऱ्यापाशी उचलायचे, टेमघरला आणायचे, त्यात तुरटी किंवा तिची आधुनिक बहीण पॉलीअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड घालून ढवळायचे, गाळ खाली बसू द्यायचा, वरचे पाणी वाळूच्या थरांतून गाळायचे, क्लोरीन द्यायचा आणि पंपाने पुढे लोटायचे. या सगळ्या शास्त्राने पाणी स्वच्छ होते. वाढत नाही. उलट वाळूचे थर धुण्यात थोडे खर्चीच पडते. चहा पाचशे जणांचा आणि वऱ्हाड हजाराचे असेल, तर नवी गाळणी आणून चहा पुरत नाही.

आता खरोखर किती कमी पडते ते पाहू. ठाणेकर हा चार कार्यालयांचे पाणी प्यालेला माणूस आहे. महापालिकेची स्वतःची योजना २५० दशलक्ष लिटरची, एमआयडीसीकडून १३५, स्टेम या पाणीपुरवठा कंपनीकडून ११५, मुंबई महापालिकेकडून ८५. बेरीज ५८५ दशलक्ष लिटर, रोज. २०११च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या होती १८ लाख ४१ हजार. भागाकार करा. माणशी ३१७ लिटर येतात. केंद्र सरकारचा मापदंड आहे १३५ लिटर, महानगराला फार तर १५०. म्हणाल, २०११ नंतर खाडीला किती भरत्या आल्या, माणसेही आली. कबूल. लोकसंख्या सरळ दुप्पट धरू. तरीही १५८ लिटर उरतात. यातून दुकाने, दवाखाने, हॉटेले, कारखाने वजा करा. तरी कागदावरचा ठाणेकर काही तहानेने मरत नाही. मग मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे या पट्ट्यात टँकर कशाला फिरतात?

कारण ५८५ हा आकडा निघतो, पोचत नाही. वाटेत तो कुठे झिरपतो, कुठे चोरीला जातो, कुठे एका सोसायटीत दोन वेळा येतो आणि शेजारच्या चाळीत वाटीभर. घोडबंदर रोड या वाटपाच्या शेपटीला आहे, आणि शेपटीला रक्त कमीच जाते. त्यात गेली काही वर्षे हा रस्ता सतत उघडाच आहे. मेट्रोचे खांब, सेवा रस्ते मुख्य रस्त्यात सामावून घेण्याचे काम, त्यासाठी हलवलेल्या वाहिन्या. जेसीबीच्या चालकाला जमिनीखालची जलवाहिनी सापडते, अभियंत्याच्या नकाशाला सापडत नाही. ती फुटली की मात्र घोडबंदर रोडवर खरोखर मुबलक पाणी दिसते. रस्त्यावर.

चार घरचे पाणी म्हणजे चार घरच्या सुट्ट्याही. स्टेमची दुरुस्ती, एमआयडीसीची दुरुस्ती, महापालिकेची स्वतःची दुरुस्ती, आणि पिसे बंधाऱ्याला काही झाले की मुंबईची कपात. डिसेंबर २०२४ मध्ये त्या बंधाऱ्याच्या हवेने फुगणाऱ्या दारांची दुरुस्ती निघाली, तेव्हा १ ते ५ तारखेपर्यंत मुंबईसकट ठाणे आणि भिवंडीला दहा टक्के कात्री लागली. दारातली हवा शहापूरच्या वाटेवर गेली आणि बादली ठाण्यात रिकामी राहिली. या सगळ्या बंदच्या सूचनांचे शेवटचे वाक्य ठाण्यातल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होते : पाणीपुरवठा सुरळीत होईपर्यंत पुढील एक-दोन दिवस पाणी कमी दाबाने येण्याची शक्यता असून नागरिकांनी पाणी काटकसरीने वापरावे. ज्याच्याकडे पाणी आलेलेच नाही त्याने ते काटकसरीने कसे वापरावे, याचे मार्गदर्शन सूचनेत नसते.

फायलींकडे वळू. महापालिकेत दोन फायली शेजारशेजारच्या टेबलांवर असतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत.

पाण्याची फाइल जुन्या वळणाची. आधी सल्लागार नेमण्याचा प्रस्ताव. मग सल्लागाराचा सविस्तर प्रकल्प अहवाल, ज्यात तीस वर्षांनंतर किती माणसे असतील ते छापलेले असते आणि आज किती आहेत ते अंदाजे असते. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, जागेचा शोध. जागा सापडते ती वनखात्याची, नाहीतर खारफुटीची, नाहीतर कज्ज्यातली. मग जलसंपदा विभागाकडे पाण्याचे आरक्षण मागायचे. हे खरे तर सगळ्यात आधी हवे, पण आधी भांडे, मग दूध अशी आपली परंपरा. मग निविदा, फेरनिविदा, वाढीव दर. या सगळ्या वाटेवर एक शब्द फाइलला कधी सोडत नाही : तत्त्वतः. तत्त्वतः मंजूर झालेले पाणी घोडबंदरकर गेली कित्येक वर्षे तत्त्वतः पीत आहेत.

इमारतीची फाइल मात्र चपळ. तिला हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआर चिकटतो, २०२०च्या एकत्रित नियमावलीतले वाढीव चटईक्षेत्र चिकटते, मेट्रोच्या कडेला असल्याचा लाभ चिकटतो, आणि वीस मजल्यांची चाळीस मजली होऊन ती खाली उतरते. चाळीस मजले, मजल्याला चार घरे, घरात चार माणसे. ६४० माणसे गुणिले १३५ लिटर, म्हणजे रोजचे ८६ हजार ४०० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दिवसाला जवळपास नऊ टँकर, एका इमारतीला. हे गणित चौथीतल्या मुलाला येते. परवानगी देणाऱ्या टेबलाला येत नाही असे नाही. तिथे उत्तराच्या जागी 'उपलब्धतेनुसार' लिहिले की पैकीच्या पैकी गुण मिळतात.

या दोन टेबलांची ओळख एकदा न्यायालयाने करून दिली होती. मे २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घोडबंदर रोडवरच्या नव्या बांधकामांच्या परवानग्यांना आणि वापर परवान्यांना लगाम घातला. आधी पाण्याचे सांगा, म्हणाले. बिल्डरांना एकदम तहान लागली. पाण्यावर इतक्या तळमळीने बोलणारे बिल्डर ठाण्याने त्याआधी पाहिले नव्हते. पुढे लगाम सैल झाला, तहान शमली, आणि क्रेन पुन्हा फिरू लागल्या.

दरम्यान टँकरच्या बाजारात काय चालते, तेही ऐका.

"सेक्रेटरीकाका, उद्यापासून गाडीमागं शंभर रुपये जास्त लागतील."

"का रे बाबा? डिझेल वाढलं?"

"डिझेल नाय काका. आमालापन पाणी मिळत नाय."

पाणी आणायचे कुठून, हा या सगळ्यातला नाजूक प्रश्न, आणि इथे थोडे कमी हसावे लागते. तानसा, वैतरणा, भातसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्याच्या अंगाखांद्यावर आहेत, तिथले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मुंबईच्या महाकाय वाहिन्या त्यांच्या शेतांना खेटून जातात, आणि त्यांच्यासाठीची योजना आखावी लागते ती इगतपुरीच्या भावली धरणातून. ठाण्यासाठी शाई धरणाचे नाव घेता घेता एक पिढी म्हातारी झाली. बुडणाऱ्या गावांनी ते मान्य केले नाही, आणि का करावे? मुरबाडमधल्या काळू धरणाची तर कमालच. २०११ मध्ये वनखात्याच्या परवानगीची वाट न पाहता काम सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने ते थांबवले. शहरात परवानगी असते आणि पाणी नसते, मुरबाडला पाणी होते आणि परवानगी नव्हती. कुठलाही आदिवासी माणूस विचारील की, तुमच्या चाळिसाव्या मजल्यावरच्या तरणतलावासाठी माझे घर पाण्याखाली कशाला? या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही प्रकल्प अहवालात पाहिलेले नाही.

खाडीचे खारे पाणी गोडे करायची कल्पनाही ठाण्यात येऊन गेली. मुंबईने मनोरीला २०० दशलक्ष लिटरच्या अशा प्रकल्पाचा घाट घातला तेव्हा इथेही काहींच्या तोंडाला पाणी सुटले. या पाण्याला वीज इतकी लागते की नळाबरोबर मीटरही जोरात वाहतो.

आणि घोडबंदर रोडचे दुसरे टोक? गायमुखचा घाट ओलांडला की मीरा-भाईंदर सुरू होते. ज्या गावाचे नाव या रस्त्याला आहे ते घोडबंदरही त्यांच्याच हद्दीत. त्यांच्यासाठी एमएमआरडीएने पालघरहून सूर्या धरणाचे पाणी आणायची योजना आखली : एकूण ४०३ दशलक्ष लिटर, त्यातले १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. डोंगरातून बोगदे काढले, खाडीखालून वाट काढली. वसईचा टप्पा तयार झाला तेव्हा पाणी तयार होते पण उद्घाटनाची तारीख तयार नव्हती. लोकांना आंदोलन करावे लागले, मग नोव्हेंबर २०२३ मध्ये पाणी आले. सूर्याची टाकी आहे चेण्याला, म्हणजे याच रस्त्यावर, ठाण्याच्या वेशीपासून हाकेच्या अंतरावर. पण पाण्याला महापालिकेची हद्द कळते. पालघरहून डोंगर फोडून आलेली सूर्या गायमुखचा उतार उतरून अलीकडे येत नाही.

मार्च २०२२ मध्ये ठाण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे प्रशासकाचा कारभार चालला. सूचक प्रशासन, अनुमोदक प्रशासन, विरोधी पक्षही प्रशासनच, आणि तो कधी विरोध करीत नसे. या काळात कुठला विषय मंजूर झाला आणि कुठला नुसता फिरला, हे नागरिकाला वर्तमानपत्रातून कळत होते. आता जानेवारी २०२६च्या निवडणुकीनंतर सभागृह पुन्हा भरले आहे. प्रचारात घोडबंदरच्या प्रत्येक उमेदवाराने चोवीस तास पाण्याचे वचन दिले होते, म्हणजे निदान वचन तरी चोवीस तास होते.

तेव्हा नव्या नगरसेवकांना एक विनंती. नव्या जलशुद्धीकरण केंद्राचा विषय सभेपुढे येईलच, बहुधा आयत्या वेळचा विषय म्हणून, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. केंद्र लागणार आहे, ते करा. पण हात वर करण्याआधी प्रशासनाकडे दोन कागद मागा. एकावर महिन्याचा हिशेब : टेमघरहून किती निघाले आणि कासारवडवलीच्या जलकुंभात किती पडले. दुसऱ्यावर घोडबंदर रोडवर आजवर मंजूर केलेल्या सगळ्या इमारतींना मिळून रोज किती लिटर लागणार, आणि ते कुठल्या नदीतून, कुठल्या तारखेपासून. दोन्ही कागद सभागृहात वाचून दाखवेपर्यंत केंद्राच्या विषयाबरोबर इमारतींच्या नव्या परवानग्याही तहकूब ठेवा. तहकूब ठेवण्याचा सराव सभागृहाला आहेच. या वेळी तो रहिवाशांच्या कामी येऊ द्या.