बापूकाकांना काय चालत नाही

बापूकाकांना जेवायला बोलवायचं असेल तर आमंत्रण आठवडाभर आधी द्यावं, पण बेत आदल्या रात्रीच ठरवावा. कारण त्यांना काय चालत नाही, ते सारखं बदलत असतं. दिवाळीत शेंगदाणा बाद होता. संक्रांतीला तो माफ झाला आणि तीळ अडकले. वांगं कायमचं बाद, पण ते घरच्या वांग्यापुरतं. लग्नाच्या पंगतीत भरलं वांगं आलं तर त्यांची प्रकृती हरकत घेत नाही. दुधाचीही अ‍ॅलर्जी आहे. बासुंदीची दुसरी वाटी पुढे करताना कुणी आठवण दिलीच, तर "बासुंदीत दूध कुठे राहतं? आटून गेलेलं असतं ते," असं शास्त्र ऐकायला मिळतं. डॉक्टरांनी एकदा समजावलं होतं, की काका, ही अ‍ॅलर्जी नव्हे. दुधातली साखर पचवणारं विकर लहानपणानंतर बऱ्याच जणांत कमी होतं, म्हणून पोट गुडगुडतं. आणि दूध आटवून ती साखर जात नाही, उलट दाट होते. काकांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. आता ते भेटेल त्याला गंभीरपणे सांगतात, "माझं विकर कमी झालंय."

हा माणूस रेल्वेच्या पार्सल ऑफिसात उभं आयुष्य काढून निवृत्त झालाय, हे सांगून कुणाला खरं वाटणार नाही. मिरचीची पोती उतरताना हमालसुद्धा तोंडाला फडकं बांधायचे. काका तिथेच उभं राहून चहात बुडवून खारी खायचे. एका बाजूला सुक्या मासळीच्या करंड्या, दुसऱ्या बाजूला पोत्यांची धूळ, पण साधी शिंक नाही. मात्र इतक्या वर्षांत ‘तुम्हाला चालेल ना?’ असंही त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बदली झाली, चालली. रात्रपाळी लागली, चालली. निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात सकाळी उठल्या उठल्या त्यांना लागोपाठ शिंका आल्या, आणि घरातली चार माणसं हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघायला लागली. माझ्या मते खरा आजार तिथे सुरू झाला.

त्यानंतरचं मोठं प्रकरण सातविणीचं. आमच्या गेटाशी सातवीण आहे. पावसाळा सरला की ती फुलते आणि रात्री असा वास सोडते की कुणाला झोप लागत नाही, कुणाला लागली की तुटत नाही. त्या वर्षी काकांना कोरडा खोकला सुरू झाला. काकांनी सोसायटीच्या सभेत झाड तोडण्याचा ठराव मांडला. सेक्रेटरींनी १९७५ च्या कायद्याचं नाव काढून सांगितलं, की पालिकेच्या परवानगीशिवाय फांदीला हात लावता येणार नाही. "म्हणजे झाडाला कायदा आहे, माणसाला नाही," असं म्हणून काका एवढे खोकले, की दोन सभासदांनी भीतीने हात वर केले. डिसेंबरात फुलं संपली. खोकला संपला नाही. मग डॉक्टरांनी जुने कागद चाळले आणि विचारलं, "काका, गणपतीच्या सुमाराला प्रेशरची गोळी बदलली होती ना?" रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी काही जणांना असा कोरडा खोकला लागतो, काकांची रामिप्रिल त्यातलीच. गोळी बदलली, महिन्याभरात खोकला गेला. झाड अजून उभं आहे आणि काका अजून त्याच्याकडे बघत नाहीत.

शेवटी मुलाने त्यांना चाचणीलाच नेलं. सोबत मीही गेलो. अशी संधी सोडणारा मी शेजारी नव्हे. चाचणीआधी काही दिवस शिंकांच्या गोळ्या बंद ठेवायच्या असतात. ते दिवस काकांनी व्रतस्थासारखे काढले. काकांना बाही वर करून बसवलं. नर्सने हातावर पेनाने आकडे घातले, प्रत्येक आकड्याशी एकेक थेंब ठेवला आणि थेंबातून सुईचं टोक हलकेच टोचलं. धुळीतले किडे, झुरळ, गवताचे पराग, बुरशी, शेंगदाणा, वांगं असं सगळं एका हातावर. मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. काका हाताकडे एकटक बघत होते. पाचेक मिनिटांत पहिल्या आकड्याशी डास चावल्यासारखी टुमदार गांधी उठली.

"आली!" काका ओरडले. बाकावरच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. "कशाची आहे हो ही?"

"हिस्टामिन आहे ते, काका," नर्स म्हणाली. "ते सगळ्यांनाच उठतं. चाचणी नीट चाललीय की नाही, ते कळायला ठेवतात."

त्याखेरीज धुळीतल्या किड्यांच्या आकड्याशी एक बारीकशी गांधी आली. वांग्याशी कातडी कोरी. परतताना काका गाडीत बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "वांगं ताजं नसेल त्यांचं."

काकू वेंगुर्ल्याच्या. गुडघे दुखतात, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, पण याची चर्चा घरात होत नाही, कारण चर्चेची जागा भरलेली असते. परवाच्या रविवारी कोळंबीचं सुकं झालं होतं. जेवण झाल्यावर "तोंड जरा चुरचुरतंय" म्हणत काकू भांडी आवरायला लागल्या. सुनेने बघितलं तर ओठ सुजलेले, मानेवर पित्त उठलेलं, आवाज बसलेला. इस्पितळात नेल्या नेल्या मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं.

सकाळी डॉक्टर म्हणाले, "कोळंबीची अ‍ॅलर्जी."

"अहो, ही जन्मापासून खातेय!" काका म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं, की कोळंबी-खेकड्यांची अ‍ॅलर्जी पुष्कळदा मोठेपणीच सुरू होते. वर्षानुवर्षं खाल्लेल्या पदार्थाविरुद्धही शरीर कधीतरी प्रतिपिंडं तयार करतं. मग पुढच्या घासाला पेशींतून हिस्टामिन सुटतं. ज्या प्रथिनाचा हा खेळ असतो, त्याच्याच जातीचं प्रथिन धुळीतल्या किड्यांत आणि झुरळातही असतं.

"झुरळ मी कधी खाल्लं नाही हो," काकू क्षीण आवाजात म्हणाल्या.

हाताखालच्या कारकुनाला आपल्याआधी बढती मिळाल्यावर हेडक्लार्कचा होतो, तसा काकांचा चेहरा झाला होता. भेटायला आलेले सगळे काकूंच्या खाटेशी. केसपेपरवर ठळक अक्षरांत काकूंची अ‍ॅलर्जी. काकांनी मध्येच आपल्या शिंका काढून पाहिल्या. कुणी लक्ष दिलं नाही.

घरी आल्यावर सुनेने जाहीर केलं, की यापुढे या घरात कोळंबी शिजणार नाही. एकाच कढईत, एकाच डावाने काही व्हायला नको.

"म्हणजे माझीसुद्धा बंद?" काका दचकले.

"तुम्हाला कुठे काय चालतं?" काकू म्हणाल्या.

"मला सगळं चालतं गं!" काका कळवळून बोलून गेले.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "सूनबाई, उद्या वांगं कर."