साडूनं सांगितलेला ज्वालामुखी

"ऐकलंस का बाई? पहाटं परत जमिनीत गुडगुडलं म्हणं."

"ऐकलं की काकू. मांडणीतली ताटं वाजली."

"मी सांगते, नांदेडाखाली ज्वालामुखी हाय. किल्लारीच्या भूकंपात बी तेच झालतं. भेगेतून धूर निघाला, आत लाल रस उकळत होता."

"बघितला कुणी?"

"आमच्या जावेच्या मेहुण्यानं."

"स्वतः?"

"आता त्याच्या साडूनं सांगितलं त्याला..."

"बघा! तीस वर्षं झाली, हा ज्वालामुखी दिसतो तो दुसऱ्याच्याच साडूला. अहो, भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीत ६१७ मीटर खोल बोअर घेतलं. वर ३३८ मीटर आपला काळा पाषाण, त्याच्या खाली त्याहून जुना कातळ. रस नाही, धूर नाही. आमच्या ह्यांची बोअरची गाडीच आहे. मुरूम लागतो, राखी भुकटी उडते, पाणी लागलं तर मालकाचं नशीब. लाव्हा लागल्याचं अजून ऐकलं नाही."

"मग किनवटाकडं उनकेश्वरला ऊन पाणी कसं येतंय?"

"पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथं तापतं अन् वर येतं. त्याला ज्वालामुखी लागत नाही."

"अन् लोणार?"

"ते तळं ज्वालामुखीचं तोंड आहे असं मोठमोठे जाणकारही मानायचे. निघाला उल्का पडून झालेला खड्डा."

"म्हणजे आपल्याकडं ज्वालामुखी नव्हताच म्हण की."

"होता ना! साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. तुम्ही हात टेकलाय ती भिंत त्याच थिजलेल्या लाव्ह्याची. जमिनीला भेगा पडल्या, थरावर थर बाहेर आले. शेतातली काळी मातीही त्याच दगडाची. जागता बघायचा तर अंदमानात बॅरन बेटावर जावं लागतं."

"मग हे गुडगुडतंय काय?"

"खाली कातळाला जुन्या भेगा आहेत. ताण साचला की कातळ जरासा सरकतो, त्याचा आवाज. मार्च २०२४ मध्ये सकाळी सहाच्या सुमाराला हिंगोलीकडं ४.५ चा भूकंप झाला, तेव्हा आपण सगळे रस्त्यावर आलो होतो की."

"त्या दिवशी मला किल्लारीच आठवली गं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवलेले, गाव दमून झोपलेलं. पहाटं चारला चार मिनिटं कमी. औशाकडचं माझं माहेर, रडारड ऐकवत नव्हती."

"जवळपास दहा हजार माणसं गेली काकू. त्यांना लाव्ह्यानं मारलं नाही. दगड-मातीच्या दीड-दोन हात जाड भिंती, वर माळवदाची माती, ते सगळं झोपल्या माणसांवर आलं."

"खरं हाय बाई. भिंतीनंच घात केला."

"म्हणून ज्वालामुखी शोधण्यापेक्षा घर तपासा. हिंगोलीच्या धक्क्यानंतर प्रशासनानं सांगितलं होतं, पत्र्यावरचे दगड काढा. तुमच्या न्हाणीवर अजून चार धोंडे दिसतात. आजच थोरल्याला सांगून उतरवा, अन् पत्रा नटबोल्टनं आवळून घ्या."