लॉग ऑफ करू नये

अण्णांचं वय जेमतेम अडतीस, पण हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात सिक्युरिटीवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. कोशिंबिरीचा ओघळ पोळीला लागला, की त्यांचा दिवस वाया. ज्याचं त्यानं ज्याच्या त्याच्या डब्यात राहावं, ही त्यांची जीवननिष्ठा. अशा माणसाला २०१३ साली निघालेला, प्रोग्रामला कंटेनर नावाच्या डब्यात बंद करणारा डॉकर आवडला नसता तरच नवल.

"माझ्या मशीनवर तर चालतंय," असं कोणी म्हणालं, की अण्णा कानांवर हात ठेवतात. "चालायला जे जे लागतं, ते सगळं डब्यात हवं. डबा उचलावा, कुठेही ठेवावा, चालू!" आमचा बिल्ड सर्व्हरही कंटेनरमध्ये बसवायचा त्यांनी चंग बांधला. मशीन मिळालं विंडोजचं. अण्णा म्हणाले, "डब्याला ओटा कुठला का असेना!"

ओट्यानं इंगा दाखवला. आधी बायोसमध्ये शिरून व्हर्च्युअलायझेशन चालू करावं लागलं. मग विंडोजचाच कंटेनर मागवला. तो कित्येक जीबींचा. उतरेपर्यंत तीन चहा झाले. त्यात आतला विंडोज बाहेरच्यापेक्षा नवा असून चालत नाही, पत्रिका जुळेना. शेवटी डब्ल्यूएसएल २ घालून विंडोजच्या पोटात लिनक्स, लिनक्सच्या पोटात डॉकर आणि डॉकरच्या पोटात जेनकिन्स नावाचा बिल्ड सर्व्हर बसवला. जेनकिन्सचा पहिला पासवर्ड कंटेनरच्या आतल्या फाईलमध्ये; म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. तेही अण्णांनी उघडलं.

पुढे स्क्रिप्ट अडली. फाईल ढळढळीत समोर, आणि यंत्र म्हणे, अशी फाईलच नाही! दोन दिवसांनी उलगडा झाला. विंडोज ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा अक्षर ठेवतो, ते लिनक्सच्या दाताखाली येत होतं. तांदळातले खडे निवडावेत तशी अण्णांनी ती अक्षरं निवडली. बिल्ड पास झाली. पेढे आले.

एकच गोम राहिली. डॉकर डेस्कटॉप माणसानं लॉग इन केल्यावर जागा होतो आणि लॉग ऑफ केलं की झोपतो. म्हणून मॉनिटरवर चिठ्ठी लागली : 'लॉग ऑफ करू नये. आज्ञेवरून.'

गणपतीत अण्णा कोकणात गेले. दुसऱ्याच रात्री अपडेट येऊन मशीन रीस्टार्ट झालं, बिल्ड बंद. पासवर्ड एकट्या अण्णांना ठाऊक. फोन लागला तेव्हा तिकडे आरती रंगात आलेली. झांजांच्या वर आवाज चढवून अण्णा सांगत होते, "कॅपिटल एम! अरे, मोदकाचा एम!" आम्ही मोदकाचा घातला की मंजिरीचा, देव जाणे, खातं लॉक झालं.

परत आल्यावर अण्णांनी शांतपणे लॉग इन केलं. सर्व्हर सुरू झाला. "बघा," ते म्हणाले, "डब्यात काहीही कमी नव्हतं."

चिठ्ठी अजून तिथेच आहे. तिच्याखाली कोणीतरी पेन्सिलीनं एक ओळ वाढवली आहे : 'अण्णांनी रजा घेऊ नये.'