नेटवाला

व्हर्जिनियातल्या ॲशबर्नमध्ये मला नोकरी लागली, तेव्हा बाबांनी सांगलीत विश्रामबागेपासून गावभागापर्यंत सांगून टाकले की इंटरनेट आता आमचा मुलगा चालवतो. मी ते खोडून काढले नाही. उलट फोनवर "सगळंच नाही हो बाबा" असे म्हणून निम्मे तरी माझ्याकडे असल्याचे सुचवले.

माझ्या वाटणीला आलेले निम्मे इंटरनेट म्हणजे लेबले छापायचे एक यंत्र होते. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना लेबल चिकटवायचे, आणि मधल्या काळात कोणी टोक बदलले असेल तर शोधून पुन्हा चिकटवायचे. सिस्कोची सीसीएनए परीक्षा मी चांगल्या मार्कांनी पास झालो होतो. सबनेटची गणिते झोपेतून उठवून विचारली तरी तोंडी करत होतो. ती कोणीच विचारली नाहीत. मुलाखतीत विचारले ते एवढेच, की शिडीवर चढता येते का?

जगातली सर्वांत जास्त डेटा सेंटर्स एकवटली आहेत ती याच भागात. त्यामुळे आत काहीतरी भव्य दिसेल अशी माझी समजूत होती. आत होत्या रॅकच्या रांगा. पुढच्या बाजूला भर जुलैत स्वेटर घालावा अशी थंडी, आणि मागच्या बाजूला यंत्रांनी सोडलेली गरम हवा. मी जमिनीवर मांडी घालून, लॅपटॉप मांडीवर ठेवून, फिकट निळी कन्सोल केबल राउटरला जोडून बसायचो. मग कळले की नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या इंटरनेटचा एक मोठा सांधा, एमएई-ईस्ट, इथून जवळच टायसन्स कॉर्नरला पार्किंग गॅरेजमध्ये भिंत घालून काढलेल्या खोलीत होता. खुद्द इंटरनेटचीच सोय पार्किंगमध्ये लागली होती, तर मला खुर्ची कोण देणार?

पण मला खरे बोलायचे आहे ते बीजीपीबद्दल. कोणी विचारत नाही, म्हणून इथे सांगून घेतो.

1989 च्या जानेवारीत टेक्सासमधल्या ऑस्टिनला इंजिनियर लोकांची बैठक होती. तिथे सिस्कोचे कर्क लोहीड आणि आयबीएमचे याकोव रेख्टर यांनी जेवता जेवता कागदी नॅपकिनवर एक आराखडा खरडला. तेच बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, म्हणजे बीजीपी. आजही जगभरची नेटवर्के एकमेकांना रस्ता सांगतात ती त्याच्याच जोरावर. पद्धत अगदी हळदीकुंकवाची. प्रत्येक नेटवर्क आपल्या शेजारणीच्या कानात सांगते, "अमुक पत्त्यावर जायचं असेल तर माझ्याकडून जा हो." शेजारीण ते खरे मानून पुढच्या शेजारणीला सांगते. मूळ रचनेत खातरजमा कसलीच नाही. ऐकले ते खरे.

आता हळदीकुंकवात होते तेच इथे झाले. 1997 च्या 25 एप्रिलला 7007 क्रमांकाच्या एका छोट्या नेटवर्कने जाहीर केले की बऱ्याचशा इंटरनेटचा रस्ता आपल्याच दारातून जातो. सगळ्या जगाची वाहतूक त्या गरिबाच्या अंगणात येऊन कोसळली. त्यांनी राउटरची जोडणीच काढून टाकली, तरी बातमी फिरतच राहिली. जिने सुरू केली ती बाई घरी जाऊन झोपली, तरी चर्चा चालूच! 2008 च्या फेब्रुवारीत तर याहून बहारदार प्रकार झाला. पाकिस्तान टेलिकॉमला देशापुरते यूट्यूब बंद करायचे होते. त्यासाठी पेरलेली खोटी वाट चुकून बाहेरच्या शेजारणीच्या कानावर गेली, आणि जगातले कित्येक लोक सुमारे दोन तास यूट्यूबला मुकले. यूट्यूबची स्वतःची खरी वाट असताना खोटी का मानली? कारण नियमच असा आहे, की जी बातमी जास्त नेमकी ती वरचढ. "देशपांड्यांच्याकडे काहीतरी झालंय म्हणे" यापेक्षा "देशपांड्यांच्या धाकटीने मंगळवारी दुपारी पातेलं फेकलं" यावर कोण विश्वास ठेवणार नाही?

हे सगळे मी मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत एका काकांना सांगितले. काकांनी शांतपणे ऐकून घेतले, मसालेभाताचा घास गिळला आणि म्हणाले, "ते ठीक आहे रे. आमच्या बेसमेंटमध्ये वायफाय येत नाही, तेवढं बघशील का?"

इथे माझी खरी चिडचिड सुरू होते. नेटवर्क चालू असते तेव्हा आम्ही कोणाला दिसत नाही. बंद पडले की आधी आमच्याकडेच बोट. डेटाबेस मंद आहे? नेटवर्क. प्रोग्रॅमरने काल रात्री काहीतरी बदलले? नेटवर्क. कोणाचा पासवर्ड चुकला? तेही नेटवर्क. आमच्या धंद्यात याला एक मोजमाप आहे, 'मीन टाइम टू इनोसन्स': आरोप झाल्यापासून आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायला लागणारा सरासरी वेळ. नवीन आलेल्याला बिघाड दुरुस्त करण्याआधी हे शिकवले जाते. आईसुद्धा यात सामील आहे. व्हिडिओ कॉल स्वच्छ चालू असतो तेव्हा भाजी काय केलीस विचारते. तिचा चेहरा स्क्रीनवर गोठला की सांगलीहून म्हणते, "तुझ्याकडचं नेट बघ बाबा." गल्लीतली वीज गेलेली असते, तरी.

मला हे काम शिकवले ते माझ्याच वयाच्या एका पुण्याच्या मुलाने. आम्ही मास्टर्सला एका खोलीत राहत होतो. मी दोन तास ज्या लूपमागे धावायचो, तो त्याला चहा थंड व्हायच्या आत सापडायचा. पण एच-वन बी व्हिसाची सोडत लूप बघत नाही. वर्षाला जागा 85,000. 2023 च्या मार्चमध्ये त्यांच्यासाठी साडेसात लाखांवर नोंदण्या झाल्या, आणि नावे काढली संगणकाने. शिकून झाल्यावर आमच्यासारख्यांना तीन वर्षे काम करू देतात, म्हणजे सोडतीच्या तीन संधी. माझे नाव पहिल्याच वर्षी लागले. त्याचे तीनदा नाही. राउटरमध्ये रांग भरत आली की काही पॅकेट्स मुद्दाम यदृच्छेने टाकून देतात. सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांनी 1993 मध्ये ती युक्ती मांडली, आणि युक्ती उत्तम आहे. पण तिथे टाकलेले पॅकेट पाठवणारा पुन्हा पाठवतो. तो गेला त्या दिवशी डलेस विमानतळावर आम्ही दोघेही सामानाच्या वजनाबद्दलच बोलत राहिलो. दुसरे काही सुचेना.

मी मात्र बाबांना सांगितले की कंपनीने मला निवडले.

आता तो हिंजवडीत आमच्याच कंपनीच्या नेटवर्कचा प्रमुख आहे. आराखडे तो काढतो, बदल तो ठरवतो. बदल करायचे ते अमेरिकेतले गिऱ्हाईक झोपल्यावर, म्हणजे इकडे रात्री दोनला आणि त्याच्याकडे नाश्ता वगैरे आटोपून सकाळी साडेअकराला. त्या वेळी यंत्रापाशी उभे राहून सांगितले तसे करणाऱ्या माणसाला आमच्याकडे 'रिमोट हँड्स' म्हणतात. गेल्या गुरुवारी ते हात माझे होते. कॉलवर बंगळूरचे दोघे, डॅलसची एक मॅनेजर आणि तो.

"रॅक तीन. वरून चौथी पिवळी फायबर काढ."

मी स्पेशालिस्टाच्या आवाजात इंग्रजीतून म्हणालो, की काढण्यापूर्वी रूटिंग टेबल एकदा तपासून घेणे माझ्या मते श्रेयस्कर ठरेल.

पलीकडे क्षणभर शांतता. मग सगळ्या कॉलसमोर, चोख मराठीत:

"अरे, तपासलंय मी. तू काढ. ती नाही, तिच्या शेजारची. डावीकडची. तुझी डावी रे, माझी नाही. आणि ते लेबल कोणी लावलंय? उलटं आहे."